एकोणिसावी सूचना

खात्यात खल्फानला सगळे 'सूचनावाले खल्फान' म्हणत, आणि त्याला ते आवडायचं. आता आवडतं का, ते मात्र त्याला विचारायला जाऊ नका.

सरकारी कामाने मस्कतला येणाऱ्या प्रत्येक परदेशी पाहुण्याच्या हातात उतरल्या उतरल्या एक छोटी हिरवी पुस्तिका पडे. ती खल्फानने लिहिलेली. आत बेचाळीस सूचना. घ्यायचं ते उजव्या हाताने, द्यायचं तेही उजव्याच. बसताना तळपाय कोणाच्या तोंडाकडे करू नका. बाईमाणसाने आधी हात पुढे केला तरच आपला करा. यजमानाच्या घरातल्या वस्तूची फार तारीफ करू नका, तो ती बांधून देईल आणि मग ती विमानात कुठे ठेवायची ही पंचाईत तुमची. शुक्रवारी दुपारी कामाचे फोन नकोत. कोणी 'इन्शाल्ला' म्हणालं तर ते हो आहे की नाही, हे त्याच्या चेहऱ्यावरून ओळखा आणि ओळखता आलं नाही तर उद्या परत विचारा. ही शेवटची वाचून पाहुणे हसायचे, आणि खल्फानची कॉलर ताठ व्हायची.

एकोणिसावी सूचना कॉफीची होती. 'आमची वेलदोड्याची कॉफी सगळ्यांनाच मानवत नाही. नको असल्यास नाही म्हणू नका. पेला उजव्या हाताने घ्या आणि न पिता आदराने समोर खाली ठेवा. कोणी वाईट वाटून घेणार नाही.'

हे त्याने लिहिलं तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर मोठ्या हॉटेलांचे दिवाणखाने होते. तिथे पाहुणे ती कडू कॉफी तोंड वाकडं करून गिळायचे आणि खल्फानला त्यांची दया यायची. तिथे खाली ठेवलेला पेला वेटर उचलून नेतो, बस, विषय संपला. पण देश म्हणजे काय नुसतं मस्कत आहे? आणि मस्कत म्हणजे काय नुसती हॉटेलं? सुलतानाच्या राज्यात वाळूही आहे, वाळूत माणसं आहेत, आणि त्यांच्यात खल्फानचा सख्खा मामा होता. पण लिहिताना मामाचा तंबू त्याच्या मनातही आला नाही. आठवण आली असती तर पुढचं काहीच घडलं नसतं.

मामाची आठवण न येण्याची त्याने सवयच लावून घेतली होती. सुवेलिम मामा बिदिया गावाच्या पलीकडे, वाळूच्या टेकड्यांत राहायचे. आई गेल्यापासून दर हिवाळ्यात ते एखाद्या ट्रकवाल्याच्या हाती खल्फानला कातड्याच्या बुधल्यातून तूप पाठवत. एकदा तो बुधला खात्याच्या फाटकावरच उतरवला गेला. पांढऱ्याशुभ्र दिशदाशा, म्हणजे पायघोळ झगे, घातलेली मंडळी आजूबाजूला उभी, आणि मधोमध बकरीच्या वासाचा तो बुधला. कोणी पाठवला म्हणून दारवानाने विचारलं, तर खल्फान म्हणाला, "असाच एक ओळखीचा म्हातारा आहे." सख्खा मामा, ओळखीचा म्हातारा झाला. तूप मात्र त्याने घरी नेऊन चाटून पुसून खाल्लं.

तर एके दिवशी संचालक मुंधिर साहेबांनी त्याला खोलीत बोलावलं. त्यांच्या टेबलावर नकाशा पसरलेला होता.

"हे बघ," ते म्हणाले. "इथे सूर्याच्या विजेचा प्रकल्प. इथे डांबरी रस्ता. आणि रस्त्याच्या बरोबर मधे हा एक म्हातारा आणि त्याची एकतीस शमीची झाडं. तीन वेळा माणसं पाठवली. तिन्ही वेळा म्हाताऱ्याने बोकड कापला, पोटभर जेवू घातलं आणि नाही म्हणाला. मोबदला नको, दुसरी जागा नको. परंपरेने विहीर आणि झाडं त्याच्या कुळाकडे आहेत, जबरदस्ती केली तर वरून आमचेच कान उपटले जातील. नाव सुवेलिम."

खल्फान नकाशाकडे बघत राहिला.

"काल कोणीतरी म्हणालं, तो तुझा नातेवाईक आहे."

"मामा," खल्फान म्हणाला. आवाज इतका बारीक निघाला की त्याचं त्यालाच कसंतरी झालं.

"लांबचा?"

"आईचा सख्खा भाऊ."

"अरे वा. आणि बारा वर्षं तू आम्हाला सांगितलं नाहीस." मुंधिर साहेब हसले. "असो. प्रकल्पाच्या परदेशी मंडळींची प्रमुख, सिग्नेबाई म्हणून आहेत, त्यांना वाळूतलं घर बघायचंय. तू घेऊन जा. काही मागू नकोस, काही बोलू नकोस. नुसती भेट. भाच्याबरोबर आलेला पाहुणा म्हटल्यावर म्हातारा जरा मवाळ होईल. विभागप्रमुखाची जागा रिकामी आहे, हे तुला माहीत आहेच."

खल्फानने स्वतःला बजावलं, आपण झाडांचा विषय काढायचा नाही. नुसती भेट, नुसतं आदरातिथ्य. या एका गोष्टीवर तो ठाम होता, आणि गंमत बघा, त्याने तो शब्द पाळलाही. विषय त्याने खरंच काढला नाही.

डिसेंबरातल्या एका सकाळी ते निघाले. गाडी शाहदाद चालवत होता. शाहदाद बलुची, वीस वर्षं खात्याच्या गाडीवर, बोलायचा कमी आणि बोलला तर चिमटाच काढायचा. मागे सिग्नेबाई. पन्नाशीच्या, उंच, उन्हाने नाक लाल झालेल्या, डोक्याला व्यवस्थित ओढणी. मांडीवर खल्फानची हिरवी पुस्तिका, आणि तिच्यात पेन्सिलीच्या खुणाच खुणा.

"मी बेचाळीसही पाठ केल्यात," त्या म्हणाल्या. "माझ्या मुली माझी परीक्षा घेत होत्या. इन्शाल्लाची सोडून सगळ्या जमतात."

"ती आम्हालाही जमत नाही, बाई," शाहदाद म्हणाला.

"एकच भीती आहे. कॉफी. माझ्या डॉक्टरांनी कॉफी पूर्ण बंद केलीय, छाती धडधडते. पण एकोणीस नंबर वाचून जीव भांड्यात पडला. तुम्ही किती विचार केलाय पाहुण्यांचा."

खल्फान खुशीत हसला. शाहदादने आरशातून एकदा त्याच्याकडे पाहिलं, मग पुन्हा रस्त्याकडे. बिदियाला थांबून त्याने चाकांतली हवा कमी केली आणि गाडी वाळूत घातली.

मामा तंबूबाहेर उभेच होते. धूळ दिसली की ते उभे राहत, पाहुणा यायला तास लागो की दोन. सत्तरी उलटलेली, कमरेला खंजीर, हातात छडी. त्यांच्या मागे ती एकतीस झाडं. खाली उंट बसलेले, शेळ्या सावली धरून सरकत होत्या.

त्यांनी खल्फानच्या नाकाला नाक लावलं आणि मागे सरकून त्याला न्याहाळलं. "वाळलास रे. मस्कतात खायला घालत नाहीत वाटतं? तूप पोचतं का माझं?"

"पोचतं, मामा."

"मग जातं कुठे? अंगावर तर दिसत नाही." मग बाईंकडे वळून छातीवर हात ठेवून म्हणाले, "हिला सांग, बाई, हे घर तुझं आणि आम्ही तुझे पाहुणे."

आतून मोझा मामीने हाक मारून खल्फानची खुशाली विचारली आणि लग्नानंतर बायकोला एकदाही आणली नाहीस, माणूस आहेस की खडक, असंही ऐकवलं. सिग्नेबाईंना मानाच्या जागी, मामांच्या उजव्या हाताला बसवलं. शेजारचा म्हातारा ओबैद आणि त्याचा जावई आधीपासून येऊन बसलेले होते. बातमी विचारणं झालं. काय बातमी? बातमी नाही, सगळं खुशाल. तुमच्याकडे काय बातमी? बातमी नाही, अल्लाची कृपा. हे चांगलं पाच मिनिटं चाललं. सिग्नेबाईंनी उजव्या हाताने भेट दिली, पाय मुडपून घेतले, तळवे झाकले, आणि शमीच्या झाडांची तारीफ करता करता एकदम थांबल्या. मामांना त्या फार आवडल्या, हे सरळ दिसत होतं.

"ऊठ खल्फान," मामा म्हणाले. "साहेब झालास तरी या घरात कॉफी तूच द्यायचीस. माझ्या बहिणीचा हात आहे तुझा."

खल्फान उठला. डाव्या हातात पितळी किटली, उजव्या हातात पेले. पाहुणीपासून सुरुवात करायची. त्याने वाकून पेला भरला, बाईंनी उजव्या हाताने घेतला, मान तुकवली, आणि अगदी आदराने, एकही थेंब न सांडता, तो समोरच्या चटईवर खाली ठेवला.

ओबैदचं बोलणं मधेच थांबलं. जावयाने हातातलं खजुराचं बी हातातच धरून ठेवलं. तंबूतलं सगळं जागच्या जागी थबकलं, आणि किटली धरून उभ्या असलेल्या खल्फानच्या पायाखालची वाळू सरकली.

कारण वाळूतलं लहान पोरही जाणतं, पाहुण्याने भरलेला पेला न पिता खाली ठेवला की त्याचं काहीतरी मागणं असतं. फार मोठं मागणं, तोंडाने मागता येत नाही असं. आणि घरधन्याने 'प्या, दिलं' असं म्हटल्याशिवाय तो पेला उचलला जात नाही. ज्याच्या घरी पाहुणा कॉफी न पिता उठला, त्याला मग चार माणसांत तोंड दाखवायला जागा नाही. लोक पेला खाली ठेवतात ते खुनाची माफी मागायला, मुलीचा हात मागायला, जीव वाचवायला. तीन वेळा खात्याची माणसं इथे येऊन गेली, पण सरकारी रस्त्यासाठी पेला खाली ठेवण्याइतका निर्लज्जपणा त्यांच्यातल्या एकालाही सुचला नव्हता. हे सगळं खल्फान सहा वर्षांचा असताना याच चटईवर बसून शिकला होता. आणि एकोणिसावी सूचना लिहिताना साफ विसरला होता.

मामांनी आधी पेल्याकडे पाहिलं. मग बाईंकडे. बाई प्रसन्न हसत होत्या. मग मामांनी मान वर करून खल्फानकडे पाहिलं, आणि नजर तिथेच ठेवली.

एक वाक्य पुरलं असतं. 'मामा, बाईंना कॉफी चालत नाही, छातीचा त्रास आहे.' मामा खो खो हसले असते, मामीने उंटिणीचं दूध पाठवलं असतं, आणि पुढची दहा वर्षं ओबैदने हा किस्सा सांगून लोकांना हसवलं असतं. वाक्य खल्फानच्या तोंडाशी आलं होतं. पण त्याच्या आधी डोक्यात आला मुंधिर साहेबांचा नकाशा. मग विभागप्रमुखाची खोली. मग हा विचार आला, आपण कुठे काय मागितलंय? आपण तर काहीच केलं नाही. आपोआप होतंय ते होऊ दे.

आणि तो मूग गिळून उभा राहिला. मामांची नजर सोसवेना म्हणून त्याने मान खाली घातली आणि किटलीच्या तोंडात बघत राहिला.

मामांनी पुष्कळ वेळ वाट पाहिली. मग ते म्हणाले, "तिला सांग, पी बाई. ज्यासाठी आली असशील ते दिलं."

"सुवेलिम," ओबैद म्हणाला, "आधी विचार तरी, काय हवंय."

"विचारून देतो तो दुकानदार."

"ते काय म्हणतायत?" सिग्नेबाईंनी विचारलं.

खल्फानने भाषांतर केलं, शब्दाला शब्द, अगदी चोख. त्याच्या भाषांतरात कोणालाही खोट काढता आली नसती. ते ज्यासाठी आलात ते दिलं म्हणतात. बाईंचे डोळे विस्फारले. "म्हणजे रस्ता? ते रस्त्याला तयार आहेत? मला तर सांगितलं होतं की विषयही काढायचा नाही."

"रस्ता," खल्फानने मामांना सांगितलं. बस, एवढा एकच शब्द.

मामांच्या चेहऱ्यावरची रेषाही हलली नाही. "रस्ता दिला," ते म्हणाले. "झाडं दिली. आता पी म्हणावं, थंड होतेय."

आणि बाईंना इतकं भरून आलं की डॉक्टरला बाजूला ठेवून त्या ती कॉफी घटाघटा प्यायल्या. ओबैद उठून बाहेर गेला. जेवण झालं, भाताचं मोठं ताट आलं, मामांनी स्वतःच्या हाताने मांसाचे मऊ तुकडे काढून बाईंपुढे सरकवले. खल्फानपुढेही सरकवले. त्याने खाल्ले.

परतताना बाई मागे झोपी गेल्या. बिदियाला शाहदादने चाकांत हवा भरली, गाडीत बसला, आणि चावी फिरवण्याआधी म्हणाला, "साहेब, ते आज झालं ना, ते तुमच्या पुस्तकात कितव्या पानावर आहे?"

खल्फान काचेबाहेर बघू लागला. शाहदादने गाडी सुरू केली.

खात्यात पेढे वाटायचेच काय ते बाकी राहिले. मुंधिर साहेबांनी सगळा किस्सा तीनदा ऐकला आणि तिन्ही वेळा मांडीवर थाप मारली. "अरे, तू तर हिरा निघालास. पेला खाली ठेवायला लावलास, आणि तेही परदेशी बाईला. आमच्या कोणाच्या डोक्यात आलं नसतं."

"मी लावला नाही, साहेब. ते चुकून झालं."

"चुकून तर चुकून. पुढच्या आवृत्तीत मात्र घाल हं. वाळूतल्या लोकांकडून काही हवं असेल तर पेला कसा ठेवावा, कधी ठेवावा. पाहुण्यांना उपयोगी माहिती आहे."

साहेब चेष्टा करत नव्हते. खल्फानने कधीतरी मामाला 'ओळखीचा म्हातारा' म्हटलं होतं, आणि इथे साहेब मामांच्या शब्दाला 'उपयोगी माहिती' म्हणत होते. आपल्यात आणि यांच्यात फरक काय उरला, असं त्याला वाटलं, आणि फरक सापडला नाही.

तिसऱ्या दिवशी सिग्नेबाई स्वतः त्याच्या टेबलासमोर येऊन उभ्या राहिल्या. हातात हिरवी पुस्तिका, एकोणिसाव्या सूचनेचं पान उघडलेलं.

"मी शाहदादला विचारलं, ते म्हातारे गृहस्थ उठून का गेले. तो म्हणाला, सूचनावाल्यांनाच विचारा. म्हणून विचारतेय. मी काय केलं त्या दिवशी?"

खल्फानने सांगितलं. पेल्याचा अर्थ सांगितला. पुस्तिकेत आपण चुकीचं लिहिलं हेही सांगितलं. तिथे, किटली धरून उभा असताना आपल्याला सगळं कळत होतं, एवढं मात्र त्याने गाळलं.

बाईंचा चेहरा उतरला. त्या खुर्चीवर बसल्या. "म्हणजे मी त्यांच्या घरात बसून, त्यांच्याकडून, हसत हसत..." त्यांना पुढे बोलवेना. या बाईचा काडीचाही दोष नव्हता आणि लाजेने ती लालबुंद झाली होती. खल्फानचा सगळा दोष होता आणि तो इस्त्रीच्या कपड्यांत बसून तिला पाणी देत होता.

त्या निघताना म्हणाल्या, "आम्हाला ती जागा नको. रस्ता वळवता येतो, चार महिने जास्त लागतील. मी पत्र लिहिते. तुम्ही स्वतः नेऊन द्या, आणि त्यांना सांगा, मला माहीत नव्हतं."

पत्र घेऊन खल्फान शुक्रवारी एकटाच निघाला. रस्ताभर त्याला हलकं हलकं वाटत होतं. चला, निस्तरलं एकदाचं. झाडं वाचली, मामा वाचले, आणि किटली धरून आपण गप्प उभे होतो हे कोणाला कळायचंही कारण उरलं नाही. माणूस किती लवकर स्वतःला माफ करायला निघतो बघा.

मामा झाडांखाली होते. शेवटच्या टेकडीवरून उतरल्यावर खल्फानला दिसलं, विहिरीवरचा रहाट काढून ठेवलाय. तंबूचे मागचे दोन खांब उतरवलेत. शब्द दिला म्हणजे दिला, ते सामान हलवायला लागले होते. कोणी तारीख दिली नव्हती, कोणी नोटीस बजावली नव्हती.

त्याने पत्र वाचून दाखवलं. मामांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"चांगली बाई आहे," ते म्हणाले. "तिला माझा सलाम सांग. आणि सांग, तिच्यावर माझा राग नाही, पण दिलेलं मी परत घेत नाही. ओबैदच्या देखत दिलंय. उद्या लोक म्हणतील, सुवेलिमचा शब्द म्हणजे उधारीचा माल, नको झाला की परत."

"पण मामा, तिला कळलंच नव्हतं. ते मागणं नव्हतंच."

"ते मला तेव्हाच कळलं."

खल्फानने पत्र मामांच्या हातात दिलं.

"डोळे आहेत मला," मामा म्हणाले. "परदेशी बाई. हसत होती. मागणारा माणूस असा हसतो का? तिला काय ठाऊक, पेला कुठे ठेवतात आणि का. तिने ठेवला, आणि मी तुझ्याकडे पाहिलं. तू सांगशील म्हणून."

लांब कुठेतरी शेळ्यांच्या गळ्यातली घंटा वाजत होती. खल्फानला वाटलं, वाळूने आपल्याला गिळून टाकावं.

"तू सांगितलं नाहीस. मान खाली घातलीस. तेव्हा मला उमगलं." मामांचा आवाज मऊ झाला, आणि तो मऊ झाला हेच खल्फानला सहन होईना. "मी म्हटलं, पोराचं काहीतरी अडलंय. नोकरी असेल, साहेब मागे लागला असेल. मामाकडे मागायचंय पण लाज वाटतेय, म्हणून बाईच्या आडून मागतोय. आपल्या बहिणीचा एकुलता एक. त्याने आजवर माझ्याकडे काही मागितलं नाही, एकदा मागतोय तेही तोंड लपवून. मी बाईला नाही दिलं, खल्फान. तुला दिलं. झाडं काय, तुझ्या आईच्या वाटणीचीच आहेत असं समजलो. म्हणून परत घेणार नाही. तुझं काम झालं ना?"

आतून मामी म्हणाली, "आणि मग बायकोला घेऊन ये आता तरी. झाडं असताना नाही आणलीस, निदान तंबू असेपर्यंत आण."

इथे खल्फानला गप्प बसता आलं असतं. हो मामा, झालं काम, म्हटलं की संपलं. म्हाताऱ्याच्या मनात एवढं तरी राहिलं असतं, की भाचा अडला होता आणि आपण त्याला उभं केलं. त्या विचाराने मामा सुखाने नवीन जागी जाऊन राहिले असते. पण दुसऱ्यांदा मूग गिळायचे आणि या खेपेला मामांचं प्रेमच खिशात घालायचं, हे काही त्याच्याने होईना. कधी नव्हे ती त्याला खरं बोलायची हुक्की आली, आणि तीही नको त्या वेळी.

"मामा, मी मागत नव्हतो," तो म्हणाला. "माझं काही अडलं नव्हतं. एक खोली मोठी मिळणार होती, एवढंच. आणि ती बाई जे चुकली ते माझ्यामुळे. मीच तसं लिहिलं होतं. मला तिथे एक शब्द बोलायचा होता आणि मी बोललो नाही. मागायचं माझ्या मनातही नव्हतं. मी नुसता बघत राहिलो."

मामांनी पत्राची घडी घातली, आणखी एक घडी घातली, ते लहान होत गेलं. खल्फानला वाटलं आता ते रागावतील, छडी उचलतील, लहानपणी विहिरीत चप्पल टाकली तेव्हा उचलली होती तशी. तसं झालं असतं तर त्याने मामांचे पाय धरले असते.

"मग वाईट झालं," मामा शेवटी म्हणाले. ते रागावले नव्हते, फक्त थकल्यासारखे दिसत होते. "मागितलं असतंस, तर नुसती झाडं गेली असती."

एवढं बोलून ते छडी टेकत उठले आणि तंबूचा तिसरा खांब सोडवायला गेले. खल्फान मदत करायला पुढे झाला, तर त्यांनी हातानेच थांबवलं. "राहू द्या," ते म्हणाले, "पाहुण्याने कशाला हात लावायचा." आणि त्यांनी आत हाक मारून मामीला सांगितलं की मस्कतचे साहेब आलेत, त्यांच्यासाठी खजूर पाठव.